फलक आम्हाला, रात्र जिलेटिनवाल्यांना

आमच्या गोव्यातल्या म्हादई नदीच्या पाण्यावर ज्यांचा ज्यांचा हुकूम चालतो त्या सर्व अधिकारी महोदयांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणाच्या नावाने लिहावे, इथेच माझे अडले. नदीतले पाणी एका खात्याचे, त्यातला मासा दुसऱ्याचा, पाण्यावरची होडी तिसऱ्याची, काठावरचे झाड चौथ्याचे, आणि त्या झाडाखाली चूल पेटवली की मामला पोलिसांचा. आमच्या कोंडीवर, म्हणजे नदीतल्या खोल डोहावर, लागलेल्या फलकावर मात्र कुणाचेच नाव नाही. म्हणून पत्र उघड्यावर ठेवतो आहे. ज्याचे असेल त्याने उचलावे.

फलकाची हकीकत आधी सांगतो. संक्रांतीच्या अलीकडच्या शनिवारी मी आणि माझा भाचा पहाटे होडी घेऊन नदीवर पोचलो. होडी फायबरची, दोन माणसांची, जुनी विकत घेतलेली. दुकानदार तिला कनू म्हणाला होता, घरात तिला डोण म्हणतात. वाटेवर दोन कांबींवर पत्रा ठोकलेला. नो स्विमिंग, नो बोटिंग, नो फिशिंग, नो कॅम्पिंग. सगळे इंग्रजीत. तारीख नाही, आदेशाचा क्रमांक नाही, मनाई कुठून कुठपर्यंत आणि कधीपर्यंत तेही नाही. शेजारी हातात काठी घेतलेला विशीतला मुलगा उभा होता. तो माझाच विद्यार्थी निघाला. सहावीत त्याच्याकडून मी 'नदीचे आत्मवृत्त' हा निबंध लिहून घेतला होता. तो खाली बघत म्हणाला, "सर, वयल्यान ऑर्डर आसा." त्याला काय बोलणार? आम्ही होडी पुन्हा टेम्पोवर चढवली.

मी सत्तरी तालुक्यातला आहे. शाळामास्तरकी करून निवृत्त झालो. माझ्या आजोबांकडे आंब्याच्या खोडातून कोरलेली डोण होती. पलीकडच्या काठावरचे काजू आणायला, पलीकडे दिलेल्या बहिणीला चतुर्थीचे ओझे पोचवायला आणि सांजवेळी गरवायला ती एकच डोण. गरवणे हा शब्द फलक लिहिणाऱ्याला माहीत नसावा. गरी, तंगूस म्हणजे गरीचा दोरा, बुचाचा तुकडा, गांडूळ आणि तासन् तास गप्प बसायची तयारी, एवढ्यात ते होते. जाळे टाकणे वेगळे, पागेर म्हणजे फेकजाळे मारणे वेगळे.

पावसाळा उलटून पाणी निवळले की आम्ही तीन-चार गडी वर्षातून पाच-सहा वेळा दोन दिवसांची फेरी करतो. अभयारण्याची हद्द मागे टाकून, दाबोसच्या खालून सुटायचे आणि गांज्याच्या अलीकडे उतरायचे. गांज्याशी नदीचा स्वभाव बदलतो; तिथून खाली समुद्राची भरती-ओहोटी जाणवू लागते. वरच्या अंगाला मात्र ती कोंडी आणि उथळ धोंड्यांची. कोंडीत वल्हे मारायचे, धोंड्यांवर उतरून होडी ओढायची, बंधारा आला की ती डोक्यावर घ्यायची. रात्री वाळूच्या पट्ट्यावर मुक्काम. उकडा भात, सोलकढी आणि नदीने दिलेच तर तिरफळ घालून थिगूर (आपला गावठी मागूर) किंवा मरळ. नदी दर वेळी देते असे नाही. गेल्या वर्षी सलग तीन फेऱ्या आम्ही डाळ खाऊन परतलो. वितीपेक्षा लहान मासा परत सोडायचा, अंड्यांनी पोट फुगलेली मादी परत सोडायची आणि गरीचा उलटा काटा कानसीने घासून टाकायचा, म्हणजे सोडलेला मासा जगतो, हे आमचे आम्ही ठरवलेले नियम. ते कुणी आमच्यावर लादले नव्हते.

आता गाऱ्हाणी. पहिले गाऱ्हाणे या मनाईला ऋतू नाही, याचे. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका असे सांगणारे आदेश दर वर्षी निघतात आणि ते निघायलाच हवेत. जुलै 2023 मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडून मेले. त्यानंतर अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी आली, तेव्हा माझ्यासारख्या नदीच्या माणसालाही ती योग्यच वाटली. जुलैतली म्हादई म्हणजे काय ते आम्ही लहानपणापासून बघतो. वरती उसत्याला पावसात राफ्टिंग चालते, पण ते शिकलेल्या वाटाड्याबरोबर, शिरस्त्राण आणि जाकीट घालून. आमची डोण जूनपासून सप्टेंबरपर्यंत माळ्यावर उलटी असते. पण जानेवारीत, माझ्या कमरेएवढ्या पाण्यात, जाकीट घालून बसलेल्या माणसाला कोणत्या पुरापासून वाचवता? पावसाळ्यातला आदेश थंडीतही तसाच टांगून ठेवला की लोक तो वाचायचे सोडतात. मग खरोखर पूर येईल त्या दिवशीही कुणी वाचणार नाही.

अभयारण्याबद्दलही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी तेच पुढे करील. म्हादई अभयारण्य 1999 सालचे, 208 चौरस किलोमीटरचे. त्यात गरी घालू नये, तंबू ठोकू नये, चूल पेटवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. 2020 च्या जानेवारीत गोळावलीला विष घालून मारलेले चार वाघ सापडले, त्या आठवड्यात वर्गात मुलांसमोर उभे राहायची मला लाज वाटत होती. तो इलाखा वाघांचा आणि पाणमांजरांचा आहे, तो त्यांचाच राहू दे. मी बोलतो आहे ते हद्दीबाहेरच्या नदीबद्दल. गावे जिथे नदीला पाठ न करता वसली आहेत, त्या नदीबद्दल.

दुसऱ्या गाऱ्हाण्यासाठी मुळात हे पत्र लिहायला घेतले. ज्या कोंडीवर आम्हाला दिवसा मनाई आहे, तिथे रात्री मासे मारायला पाण्यात स्फोटकांचे बार उडतात. वाळूवर झोपलो असताना मी ते स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. आवाज फटाक्यासारखा नसतो. पाण्याखालून एकच दबका ठोका येतो, पाठीखालची वाळू हलते आणि मग बराच वेळ काही नाही. काळ्या दगडाच्या क्वारीत वापरायच्या जिलेटिनच्या कांड्या नदीवर कशा पोचतात, हे शोधणे पोलिसांना अवघड नसावे.

सकाळी त्या कोंडीत जाऊन बघितलेत तर कळेल. वर तरंगलेले मासे दिसतात ते थोडे. धक्क्याने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते आणि फुटलेल्या पिशवीचा मासा बुडतो. बार उडवणारे टोपलीभर घेऊन जातात आणि तळाशी पडलेले तसेच कुजतात. मरळीची गोष्ट तर याहून वाईट. तिची पिल्ले तांबूस पुंजक्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि मायबाप खाली राहून त्यांची राखण करतात. एका बारात राखणदार आणि पुंजका दोन्ही जातात. गरीवाला माणूस तो पुंजका बघून होडी बाजूने नेतो. जिलेटिनला कसले डोळे?

जिलेटिनच्या जोडीला ब्लिचिंग पावडर आली. हल्ली बॅटरी आणि इन्व्हर्टर पाठीला बांधून पाण्यात करंट सोडणारेही आले. मोठे मासे उसळून वर येतात, बारीक कुठे जातात ते कुणी बघत नाही. माझे म्हणणे एकतर्फी वाटू नये म्हणून घरची गोष्टही सांगतो. आजोबांच्या काळी रामेठ्याची साल आणि गेळाची फळे ठेचून पाण्यात टाकायचे. वर्षातून एकदा, कडक उन्हाळ्यात, आटत आलेल्या डबक्यात, सगळ्या गावाने मिळून. तेही विषच होते. मी त्याची बाजू घेत नाही आणि ते लपवतही नाही. पण त्याच गावात एक कोंड देवाची होती. तिथे गरी घालायची नाही, पागेर मारायचा नाही, नारळ ठेवायचा आणि पुढे जायचे. त्या कोंडीत हातभर लांबीची खडशी, म्हणजे तुमच्या पुस्तकातली महसीर, वडिलांनी पाहिली होती. मी आयुष्यात चार पाहिल्या, चारही वितीच्या थोड्या वर, आणि चारही परत सोडल्या. आता त्या देवाच्या कोंडीतही बार उडतो. देवाला कुणी विचारले नाही, तसेच तुम्हालाही विचारले नसावे.

कायदा नाही असे नाही. भारतीय मत्स्य कायदा 1897 सालचा आहे. त्याच्या चौथ्या कलमात स्फोटकांनी मासे मारायला मनाई आहे, पाचव्यात विष घालायला. शिक्षा मात्र इंग्रजांच्या काळातली. मूळ कायद्यात जास्तीत जास्त दोन महिने कैद किंवा 200 रुपये दंड. 200 रुपयांत आज मडगावच्या बाजारात एक बरा चोणक तरी मिळतो का, तुम्हीच सांगा. पण शिक्षा लहान म्हणून कायदा वापरायचाच नाही, असे तर त्यात लिहिलेले नाही. गेल्या दोन वर्षांत आम्ही तीन वेळा कळवले. एकदा सांगितले गेले, हे आमच्याकडे येत नाही. एकदा फोन कुणी उचललाच नाही. तिसऱ्या वेळी माणसे आली, सकाळी साडेदहाला. तोवर कावळ्यांनीसुद्धा आपले काम उरकले होते.

तिसरे चढणीच्या माशांचे. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की मासे नदीतून ओहोळात, ओहोळातून शेतात चढतात, अंडी घालायला. गोव्यात हे ठाऊक नसलेला शेतकरी शोधून सापडणार नाही. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना 61 दिवस बंदी असते. वर्तमानपत्रात छापून येते, जेटीवर ट्रॉलर रांगेने उभे राहतात. ओहोळाच्या तोंडावर मात्र या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणीसारखे बारीक जाळे लागते आणि चढणारी एकूण एक मादी तिथेच संपते. गोड्या पाण्यातल्या बंदीचा एकही फलक मी आजवर पाहिलेला नाही. पत्र्याचा तुटवडा नसावा, आमच्या कोंडीवर चांगला जाड पत्रा लावला आहे. पूर्वीही लोक चढणीचे मासे धरत, नाही असे नाही. पण बांबूच्या सापळ्याच्या फटीतून बारीक मासा निसटायचा आणि ओहोळाची एक बाजू मोकळी ठेवायची रीत होती.

त्यातून जे चढतात ते बंधाऱ्याच्या भिंतीवर डोके आपटतात. बंधारे नकोत असे मी म्हणत नाही, आमच्या बागायतीला पाणी त्यांचेच. पण पहिला पाऊस पडून गेला तरी फळ्या काढलेल्या नसतात आणि भिंतीला माशासाठी एक पायरीही ठेवलेली नसते. मत्स्यमार्ग म्हणजे काही विमानतळ नव्हे. उताराच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांची छोटी टाकी बांधली की मासा एकेक उडी मारत वर जातो. नवा बंधारा बांधताना तेवढी जागा ठेवणे म्हणजे कागदावर एक रेघ जास्त ओढणे.

चौथे गाऱ्हाणे थोडक्यात. धरणाच्या पाण्यात गरी घातली की हल्ली आमच्या हाताला तिलापिया येतो, मूळचा आफ्रिकेतला. कटला आणि रोहू गंगेकडचे. आपली मुलगी नांदवायची सोडून जगभरच्या सुना घरात आणाव्यात तसे झाले आहे. आफ्रिकी मागूर वाढवायला 2000 सालापासून देशभर मनाई आहे, तरी थिगूर म्हणून तो खपवला जातो. दोघांतला फरक जुन्या बायका बाजारात डोके बघून सांगतात. म्हादईच्या मूळच्या माशांची जात कोणती आणि कुठे उरली, याची यादी तुमच्यापैकी कुणाच्या दप्तरात असेल तर ती गावात लावा. आम्ही वाचू.

आणि या सगळ्यावर म्हादई. 14 ऑगस्ट 2018 ला तीन राज्यांच्या पाणीतंट्यावर लवादाचा निवाडा आला, कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. तेव्हापासून आमच्याकडे टीएमसी हा शब्द शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. व्यासपीठावर म्हादई आमची माय असते. मीही त्या मोर्चात चाललो आहे आणि पुन्हा चालेन. पण कर्नाटकाला पाणी वळवू देणार नाही म्हणून कंठशोष करणाऱ्यांपैकी एकानेही त्या पाण्यात काय जगते ते विचारलेले मला आठवत नाही. मायेच्या अंगावर रात्री बार उडतो, त्यावर व्यासपीठ गप्प.

तुम्ही म्हणाल, होडीत बसून रात्र काढायचा हा हौसेचा विषय, त्याचे एवढे काय? खरे आहे, माझे पोट त्यावर चालत नाही. पण काठावर रात्री कोण असते, त्यावर नदीचे बरेच काही ठरते. आम्ही तीन गडी चूल पेटवून बसलो त्या रात्री त्या कोंडीत बार उडाला नाही, पुढच्या वळणावर उडाला. फलक लावून तुम्ही नेमकी चूल विझवलीत. शिवाय मनाई सगळ्यांना सारखी असती तरी एक वेळ गिळली असती. त्याच वळणावर दर शनिवार-रविवारी बाहेरगावच्या गाड्या येतात, स्पीकर लागतो, बाटल्या वाळूत पुरल्या जातात. काठीवाला मुलगा तेव्हा कुठे असतो हे मी विचारणार नाही. एकट्या पोराने पंचवीस दारुड्यांना अडवावे अशी माझी अपेक्षा नाही.

मगरीचे भय दाखवणारेही भेटले. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि झुवारीच्या काही भागात मगरी आहेत, तिथे आम्ही रात्री होडी घालत नाही. झुवारीकाठी बोरीत पौष अमावास्येला मातीची मगर थापून तिची पूजा होते, मांगे थापणी म्हणतात. पाण्यातल्या जनावराशी कसे वागायचे ते काठच्या माणसांना फलकाआधीपासून ठाऊक आहे.

आता मागणे. आमच्या वाटेवरचा फलक बदला. त्यावर मराठीत आणि कोकणीत लिहा, आदेशाचा क्रमांक, हद्द आणि मुदत घाला, खाली सही करणाऱ्याचा हुद्दा असू द्या. जून ते सप्टेंबर पाणी बंद ठेवा, आमची तक्रार नाही. ऑक्टोबर ते मे या काळात, अभयारण्याबाहेर, गरीसाठी आणि वल्ह्याच्या होडीसाठी वर्षाचा परवाना द्या. फी घ्या. माणशी एकच गरी, दिवसाला ठराविक मासे, जाकीट सक्तीचे, मुक्कामाच्या दोन-तीन जागा ठरवून दिलेल्या, निघण्याआधी पंचायतीत नाव नोंदवलेले आणि परतल्यावर काय धरले, काय सोडले याची वही जमा केलेली. असा परवाना मोडणाऱ्याचे नाव कायमचे काढून टाका. पाण्यातला हक्क नियमाने वाटून देणे आपल्याला नवीन नाही. खाली खाजनाकडे, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या बांध घातलेल्या शेतांकडे, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) पावणी म्हणजे लिलाव पिढ्यान् पिढ्या होतो, कोण धरणार आणि कधीपासून कधीपर्यंत ते सगळ्या गावाला माहीत असते.

चढणीच्या दिवसांत ओहोळाच्या तोंडाला आडवे जाळे लावायला मनाई करा आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवा. पहिल्या पावसाआधी बंधाऱ्यांच्या फळ्या काढा. नव्या बंधाऱ्याला मत्स्यमार्ग नसेल तर आराखडा परत पाठवा. मूळच्या माशांची मोजणी होईपर्यंत धरणांत बाहेरचे बीज सोडू नका. मोजणीला माणसे हवी असतील तर आमच्या वह्या आणि आमचे हात आहेत. बार आणि करंट यांच्यासाठी एकच फोन नंबर ठेवा, रात्री उचलला जाईल असा, आणि त्यावरून आलेल्या प्रत्येक कळवणीचे काय झाले ते महिन्याच्या शेवटी पंचायतीच्या फळ्यावर लिहा. क्वारींच्या जिलेटिनचा हिशेब तपासा.

हुकूम तुमचा आहे, तो येईपर्यंत आम्ही होडी पाण्यात घालणार नाही. येत्या अमावास्येला मात्र त्या कोंडीच्या वरच्या रस्त्यावर, फलकाच्या अलीकडे, मी आणि भाचा सतरंजी टाकून बसणार आहोत. अंधाऱ्या रात्री ते लोक हमखास येतात. तुमच्यापैकी कुणीही या, अगदी एकट्याने, सरकारी गाडी न घेता. चहाचा थर्मास असेल. साडेअकरापर्यंत काही ऐकू येणार नाही, झोप आली तर खुशाल झोपा. ठोका आला की मी उठवीन.

आपला,
सत्तरीतला एक निवृत्त मास्तर आणि गरीवाला